चाकं जमिनीला टेकू दे

एकदा एका जुन्या गाडीचा घालवलेला आवाज दोन महिन्यांत परत आला, आणि तो ज्यानं घालवला होता त्या माणसाचा जीव टांगणीला लागला.

आता तुम्ही म्हणाल, जुनी गाडी म्हटली की खडखडणारच, त्यात जीव टांगणीला लागण्यासारखं काय आहे? थांबा जरा. त्या गाडीत बसणार कोण होतं आणि ती जाणार कुठं होती, हे कळल्याशिवाय हसायची घाई करू नका.

त्या माणसाचं नाव सुकुमार. नावावर जाऊ नका. गडी चांगला दणकट, मनगट जाडजूड. इचलकरंजीत पंधरा वर्षं त्यानं यंत्रमाग चालवले. माग बंद पडले तेव्हा पस्तिशी उलटून गेली होती. त्या वयात नवी विद्या शिकायला माणसं लाजतात. हा लाजला नाही. शहराबाहेरच्या रस्त्यावर दस्तगीर उस्तादांचं गॅरेज होतं, तिथं जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "उस्ताद, मला शिकवा." उस्ताद तेव्हा सत्तरीच्या घरात होते. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "ताकद लई दिसतीया तुझ्यात. ती आधी कमी करावी लागंल." सुकुमारला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय.

तीन वर्षांत तो बरंच शिकला. इंजिन उघडायला शिकला, आवाजावरून दुखणं ओळखायला शिकला. पण गॅरेजात एक रिवाज होता, तो त्याला फार खटकायचा. गाडीच्या पुढच्या चाकांचं काम निघालं, की जुनं काढणं सुकुमारचं, नवं बसवणं सुकुमारचं, बोल्ट हातानं लावणंही सुकुमारचं. मात्र शेवटचं आवळणं उस्तादांचं. तिथवर काम आलं की उस्ताद म्हणायचे, "जा, चहा सांगून ये." गॅरेजात जमिनीत माणूसभर खोल खड्डा बांधलेला होता. गाडी त्यावर उभी केली की खालून काम करता येई. सुकुमार चहा सांगून परत येई तोवर गाडी त्या खड्ड्यावर उभी असायची, मालक आत सीटवर बसलेला असायचा, आणि उस्ताद हात पुसत पायऱ्या चढून वर येत असायचे.

"तीन वर्षं झाली, अजून एक नट आवळायचा भरवसा नाही माझ्यावर," असं सुकुमार घरी बायकोला, राजमतीला, सांगायचा. "मोठेपणाची हौस, दुसरं काय!"

राजमती म्हणायची, "विचारा की मग, का ते."

"विचारायचं काय त्यात?" आणि विषय तिथंच मिटायचा. शिष्यांचं हे असंच असतं. गुरूच्या मनातलं त्यांना विचारण्याआधीच कळलेलं असतं.

सुकुमारचे वडील, तात्या, पंचवीस किलोमीटरवर नदीकाठच्या गावात एकटे राहायचे. आयुष्यभर एसटी चालवलेला माणूस. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक पांढरी गाडी घेतली, तिला आता सतरा वर्षं झाली होती. बायको जाऊन चार वर्षं झालेली. दिवाळीच्या तोंडावर तात्या न्हाणीघरात पाय घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. चार तास ते तिथंच पडून होते. शेजारच्या मालूताई दुधाचं भांडं न्यायला आल्या म्हणून कळलं तरी. त्या दिवसापासून 'चार तास' हे दोन शब्द सुकुमारच्या काळजात रुतून बसले ते बसलेच.

सांगलीच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली. आता तात्या आपल्या घरी येणार, हे सुकुमारनं ठरवूनच टाकलं आणि तो तयारीला लागला. त्याच वेळी उस्ताद आठ दिवसांसाठी मिरजेला लेकीकडे गेले होते. तात्यांना त्यांच्याच गाडीतून आणायचं, पण गाडी पुढून खडखडत होती. चाकांना धरून ठेवणारे दोन लोखंडी हात असतात, त्यांच्या टोकांचे रबरी बुश झिजले होते आणि सांधे खिळखिळे झाले होते. मोडलेल्या खुब्याला धक्का लागता कामा नये म्हणून सुकुमारनं दोन्ही बाजूंचं सगळं नवं घातलं, तेही अस्सल कंपनीचं. गाडी जॅकवर चढवली, चाकं काढून ठेवली, सगळं जागच्या जागी बसवलं, आणि उस्ताद नाहीत हे पाहून शेवटचं आवळणंही स्वतःच उरकलं. पान्याला लांब पाइप लावून असं आवळलं, की पुन्हा कुणाच्या बापाला ढिलं होऊ नये!

घराचंही त्यानं तसंच केलं. तात्यांसाठी आतली खोली रिकामी केली. नवा पलंग आणला. न्हाणीघरात धरायला दांडी बसवली. आणि भिंतीवर एक कागद लावला, सुवाच्य अक्षरात: साडेसहाला उठणे, बिनसाखरेचा चहा, दहा ते सव्वादहा घरातल्या घरात चालणे, साडेबाराला जेवण, भेटायला येणाऱ्यांनी चार ते पाच. बाहेरच्या दाराला पायऱ्या होत्या, म्हणून बाहेर जाणे नाही. प्रेमानंच केलं होतं हो सगळं, त्यात तसूभर खोट नव्हती. तात्या आले, त्यांनी कागद वाचला, "बरं" म्हणाले आणि पलंगावर बसले.

दोन महिने झाले. तात्या काठी घेऊन घरात चालू लागले. खायला नको म्हणत नव्हते, कुरकुर करत नव्हते. आणि एका गुरुवारी जेवता जेवता त्यांनी एकदम सांगून टाकलं, "सुकुमार, रविवारी मला गावाकडं सोड. आता तिथंच राहतो."

 सुकुमारनं समजावलं, हात जोडले, शेवटी आवाजही चढवला. "परत पडला तर कोण हाय तिथं? चार तास पडून होता तात्या, चार तास!"

"पडलो तर पडलो," तात्या म्हणाले. "तू सोडतोस का मी रिक्षा बघू?"

त्याच संध्याकाळी भाजी आणायला म्हणून सुकुमारनं गाडी काढली, आणि पहिल्याच खड्ड्यात पुढच्या डाव्या बाजूनं आवाज आला. कट्. मग पुढच्या खड्ड्यात पुन्हा. दोन महिन्यांपूर्वीचाच आवाज. तात्या पुढं डावीकडेच बसणार होते. सुकुमारनं स्टिअरिंगवर डोकं टेकलं. वडिलांना थांबवणं आपल्याला जमलं नाही, आता त्यांना सुखरूप पोचवणंही जमू नये? गावाचा रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी उखडून टाकलेला. जायचंच असेल तर निदान त्यांना धक्का न लागता जाता यावं, एवढंच त्याच्या मनात उरलं होतं.

शुक्रवारी सकाळी त्यानं गाडी गॅरेजात आणली आणि तात्या रविवारी गावाला निघाल्याचं उस्तादांना सांगितलं. बघतो तर बुश फाटलेले. नुसते झिजलेले नव्हेत, चिंध्या झालेल्या. दोन महिन्यांत! सुकुमारनं रस्त्याला शिव्या घातल्या, ट्रॉल्यांना घातल्या, माल विकणाऱ्याला घातल्या. उस्ताद बाजूला उभे राहून ऐकत होते. त्यांनी फाटका बुश उचलला, बोटानं दाबून पाहिला आणि खिशात टाकला.

दुपारी उस्ताद जुम्म्याच्या नमाजाला गेले. सुकुमारला घाई झालेली. त्यानं नवे बुश दाबून बसवले, गाडी जॅकवर होतीच, पुन्हा पाइप लावला आणि अंगातला सगळा राग त्या बोल्टांवर काढला. उस्ताद परत आले तेव्हा तो घामानं निथळत होता. "झालं उस्ताद. आवळलं पण. आता हलत न्हाई."

उस्तादांनी टोपी काढून खिळ्याला अडकवली. पाना उचलला. गाडीखाली वाकले आणि सुकुमारनं आवळलेला एकेक बोल्ट ढिला करायला लागले. काढला एकही नाही, नुसता ढिला केला. डावीकडचे झाले, मग उजवीकडचे. सुकुमार नुसता आ वासून बघत राहिला.

"उस्ताद, काय करताय हे?"

"चाकं लाव आणि गाडी खाली घे. खड्ड्यावर उभी कर."

"बोल्ट ढिले हायत!"

"चार पावलंच तर न्यायची हाय. हळू ढकल." मग हात पुसत ते म्हणाले, "उद्या सकाळी तुझ्या तात्यांना घेऊन ये."

"तात्यांना? इथं?" सुकुमारचा आवाज फाटला. "खुबा मोडलाय त्यांचा. दोन महिने मी त्यांना उंबरा ओलांडू दिला न्हाई, आणि या तेलात-ग्रीसात आणू?"

"रिक्षानं आण. हळू आण. पण आण."

"कशाला पण?"

"बोल्ट आवळायचे हायत," उस्ताद म्हणाले आणि दुसऱ्या गाडीकडे वळले.

म्हातारा चळला, असं सुकुमारला मनोमन वाटलं. बोल्ट आवळायला आजारी माणूस लागतो, हे कुणी कधी ऐकलंय? पण तीन वर्षांत उस्तादांचा शब्द त्यानं मोडला नव्हता. आणि रविवार तर तोंडावर आलेला.

शनिवारी सकाळी त्यानं भीत भीत तात्यांना विचारलं. तात्या ताडकन उठले. इतक्या झटकन उठले की राजमती "मामा, हळू!" म्हणून ओरडली. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला, दाढी केली, केस विंचरले. रिक्षात बसल्यावर त्यांनी डोकं बाहेर काढून रस्ता पाहिला, समोरून येणाऱ्या एसटीचा नंबर वाचला, आणि गॅरेज येईपर्यंत एकदाही आत डोकं घेतलं नाही. सुकुमार सारखा म्हणत होता, "तात्या, धरून बसा." तात्यांना ऐकायलाच येत नव्हतं.

उस्तादांनी पुढं होऊन त्यांना हात दिला. "या पावणं. कुठल्या डेपोला होता?"

"गडहिंग्लज. मग आजरा."

"मग घाट लई चालवला असंल."

"तीस वरसं," तात्या म्हणाले, आणि त्यांची मान ताठ झाली.

त्यांना गाडीत पुढं डावीकडे बसवलं. मागच्या सीटवर त्यांची काठी आणि पाण्याची बाटली. उस्तादांनी घरून आणलेल्या थर्मासातून कपात चहा ओतला.

"साखर चालती का?"

"दोन चमचे," तात्या म्हणाले, लेकाकडे न बघता.

 उस्तादांनी गाडीच्या पुढच्या बाजूला हात ठेवून ती दोन-तीनदा हलकेच दाबली, सोडली. गाडी हलली, डुलली, आणि आपली आपण थांबली.

"पावणं, माझ्यासाठी असं ताठ बसू नका. घरी बसता तसं बसा."

"घरी?" तात्यांनी विचारलं. "कुठल्या घरी?"

"जिथं बरं वाटतं त्या."

तात्या हसले. मग त्यांनी अंग सैल सोडलं, दुखऱ्या बाजूचा भार काढून डाव्या कुशीकडे कलले, आणि गाडी त्या बाजूला बोटभर खाली बसली. उस्तादांनी मान डोलावली. सुकुमारला पाना देत ते म्हणाले, "उतर खाली. पण मी सांगंपर्यंत आवळू नको. आधी बघ."

सुकुमार खड्ड्यात उतरला. डोक्यावर गाडी, गाडीत तात्या. त्यानं लोखंडी हाताकडे पाहिलं आणि तो चपापला. काल जॅकवर असताना हा हात तिरपा, खाली लोंबत होता. आता तो जवळजवळ आडवा झाला होता. तोच हात, तेच बोल्ट, आणि केवढा फरक! तो हे बघत असतानाच वरून बोलणं ऐकू यायला लागलं.

"लेकाकडं करमत न्हाई म्हणं," उस्ताद विचारत होते.

"तसं न्हवं हो," तात्या म्हणाले. "पोरगं लई करतंय. त्याच्या आईनं केलं नसतं एवढं करतंय. कुणाला सांगून खरं वाटायचं न्हाई."

"मग?"

तात्यांनी कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मी यायच्या आधीच सगळं ठरलं होतं. कवा उठायचं, किती चालायचं, कुठं बसायचं. मी आत गेलो आणि बघितलं, तर माझं म्हणून काही करायचं उरलंच नव्हतं. गावाकडं रोज पहाटे बस्तीत जात होतो. आमच्यात देवळाला बस्ती म्हणत्यात. तिथं सहाणेवर गंध उगाळायचं काम माझ्याकडं. ही गेल्यापास्नं एक दिवस चुकला न्हवता. इथं दोन गल्ल्या पलीकडं बस्ती हाय, सकाळची घंटा ऐकू येती मला. पलंगावर बसून ऐकतो. दोन महिनं झालं, दर्शन न घेताच जेवतोय."

"पोराला सांगितलं न्हाई?"

"काय सांगू?" तात्यांचा आवाज बारीक झाला. "एवढ्या मायेनं लिहून लावलंय त्यानं. त्यात खाडाखोड कशी करू?"

सुकुमार खाली उभाच राहिला.  ती घंटा त्यानंही रोज ऐकली होती, ऐकत ऐकत चहात साखर नाही ना हे तपासलं होतं. आपण वडिलांचा जीव जपला, आणि त्यांना जगायला मात्र काहीच ठेवलं नाही, हे त्याला त्या खड्ड्यात उभ्या उभ्या लख्ख कळलं. त्याला भयंकर लाज वाटली.

"बघितलंस काय रं?" वरून उस्तादांनी विचारलं.

"न्हाई."

"का?"

"दिसंना झालंय," सुकुमार म्हणाला.

 एकेक पायरी धरत उस्ताद हळूहळू खड्ड्यात उतरले आणि सुकुमारच्या शेजारी येऊन उभे राहिले. वर तात्या दुसरा कप पीत होते. उस्तादांनी खिशातून कालचा फाटका बुश काढून त्याच्या तळहातावर ठेवला, आणि वर ऐकू जाणार नाही अशा बेतानं बोलू लागले.

"याच्या मधनं नळी जाती बघ. बोल्ट आवळला की ती नळी पक्की होती. मग चाक वरखाली होताना पीळ सोसायचं काम एकट्या रबराचं. तू आवळलंस तवा चाक हवेत लोंबत होतं. रबराला वाटलं, हीच माझी जागा. मग गाडी खाली आली, माणूस आत बसला, आणि रबर पिळून निघालं. खड्डा आला तरी पीळ, न्हाई आला तरी पीळ. गाडी दारात उभी असली तरी आत पीळ चालूच. फाटंल न्हाई तर काय करंल? माल चांगला होता, सुकुमार. आवळणंही चांगलं होतं. फक्त ज्याचा भार यायचा होता, त्यो अजून बसला न्हवता. म्हणून मी मालकाला आत बसवतो. त्याला हवा तसा बसू देतो. गाडी किती बसती ती बसू देतो. चाकं जमिनीला टेकू दे, भार येऊ दे, मग आवळ."

 मग ते आणखी हळू म्हणाले, "तात्या यायच्या आधी तू घर आवळून ठेवलंस. मायेनंच आवळलंस."

सुकुमारनं बाहीनं डोळे पुसले. मग त्यानं विचारलं, "तीन वर्षं मला चहाला का पाठवत होता, उस्ताद? हे आधी सांगितलं असतं तर?"

उस्तादांचा चेहरा पडला. "चुकलंच माझं. मला वाटायचं, रोज बघतोय, बघून कळंल. तुझ्या तात्यांसारखंच. तोंड उघडाय पाहिजे होतं."

सत्तरी ओलांडलेला गुरू शिष्यापुढे आपली चूक अशी सरळ कबूल करतो, हे पाहून सुकुमारनं हातातला पाना खाली ठेवला. त्यानं वाकून त्यांच्या पायांना हात लावला. "अरं, ग्रीस लागंल," उस्ताद म्हणाले. "आवळ आता. पाइप लावू नकोस. हातानं जेवढं होतंय तेवढं बास."

सुकुमारनं बोल्ट आवळले. डावीकडचे, मग उजवीकडचे. ताकद फार लागली नाही.

संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी तो तात्यांच्या खोलीत गेला आणि पलंगाजवळ जमिनीवर बसला. राजमती दारात उभी होती. तो म्हणाला, "तात्या, उद्या गावाला सोडतो. अडवणार न्हाई. पण दोन महिन्यांत एक गोष्ट विचारायची राहिली. तुम्हाला काय पाहिजे असतं, ते मी कधी विचारलंच न्हाई. मी चुकलो."

तात्या खिडकीकडे बघत राहिले. "आता काय उपेग? उद्या चाललो मी."

"तरी सांगा."

तात्यांनी आढेवेढे घेतले. मग हळूहळू सांगायला लागले, अगदी संकोचून, दुसऱ्याच्या घरी काही मागावं तसं. पहाटे पाचला उठायची सवय. पहिला चहा आपल्या हातचा. बस्ती. सकाळी घटकाभर बाहेरच्या पायरीवर बसायला मिळावं, येणाजाणारी माणसं दिसावीत. भाजी निवडायला द्यावी, हात रिकामे राहत नाहीत. एवढंच. राजमतीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिला हसूही आलं. "अवो मामा, एवढंच? आणि मी रोज मेथी निवडताना पाठ मोडून घेते!"

सुकुमारच्या जिभेवर शब्द आले होते, 'मग राहा ना.' त्यानं ते गिळले. आपण पुन्हा आवळायला निघालोय, हे त्याचं त्यालाच कळलं. तो उठला, भिंतीवरचा कागद काढून घडी घातली आणि दिवा लावून बाहेर आला. 

रविवारी सकाळी राजमतीनं पिशवी भरून दिली: कपडे, औषधं, काठीचं जास्तीचं रबर. निघताना तात्या स्वयंपाकघराच्या दाराशी थांबून तिच्याशी काहीतरी बोलले. सुकुमार तोवर गाडीत बसला होता. जाणाऱ्यानं निरोप घ्यायचा असतोच, त्याला त्यात नवल वाटलं नाही.

रस्ता ठार उखडलेला होता. उसाच्या ट्रॉल्यांनी दोन्ही बाजूंना खोल चाकोऱ्या पाडलेल्या. पहिला खड्डा आला तेव्हा सुकुमारनं कान दिला. आवाज नाही. दुसरा आला. नाही. गाडी खड्ड्यात उतरत होती आणि न कण्हता वर येत होती. तात्यांनी सीटवर तळहात टेकवून ठेवला होता. तीस वर्षं घाट चालवलेल्या माणसाला डोळ्यांपेक्षा बसल्या जागेखालून जास्त कळतं. पुलाजवळ ते म्हणाले, "बरी बसलीया आता." पंचवीस किलोमीटरमध्ये तेवढंच बोलणं झालं.

गावात आल्यावर तात्या आधी बस्तीत गेले. काठी टेकत, थांबत थांबत गेले. सुकुमारनं हात पुढं केला नाही, दोन पावलं मागं मात्र राहिला. परत आल्यावर त्यांनी घराचं कुलूप काढलं आणि एकटेच आत गेले. सुकुमार पायरीवर बसला. आतून भांडी सरकल्याचा, कपाट उघडल्याचा आवाज येत होता. न्हाणीघराचं दार वाजलं तेव्हा तो उठून उभा राहिला, मग पुन्हा बसला. या घरात वडिलांना एकटं टाकून आपण तासाभरात परत फिरणार, या विचारानं त्याचा जीव अगदी गोळा झाला होता. पण त्यांना काय हवं ते त्यांनीच ठरवायचं होतं. तो गाडीकडे गेला, मागचं दार उघडलं, पिशवी काढली आणि आणून पायरीवर ठेवली.

तात्या बाहेर आले. त्यांनी दार ओढून घेतलं, कुलूप लावलं, आणि कुंपणाशी उभ्या असलेल्या मालूताईंच्या हातावर किल्ली ठेवली. "अधनंमधनं उघडून झाडून घेत जा, बाई. सणावाराला येत जाईन मी."

 

तात्यांनी पायरीवरची पिशवी पाहिली. "ही कशाला काढलीस?"

"तुमचे कपडे हायत, तात्या."

"मग ठेव आत परत," तात्या गाडीकडे वळत म्हणाले. "सूनबाईला सांगून आलोय, जेवायला येतो म्हणून."

सुकुमारनं पिशवी उचलून गाडीत ठेवली.  तात्या आपल्या हातानं दार उघडून आत बसले, जरा डावीकडे कलले, नीट टेकले; आणि ते टेकेपर्यंत सुकुमारनं किल्ली फिरवली नाही.